आल्डरच्या रांगेपलीकडचं घर

घरात होणाऱ्या मिस्सेच्या प्रार्थनेच्या आदल्या दिवशी ग्रान्याने स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीला पडदे लावले. ती खिडकी म्हणजे जवळजवळ अख्खी भिंत होती. नव्या घराच्या नकाशात तिच्या नवऱ्याने, डेक्लनने, ती हट्टाने काढून घेतली होती, शेतं घरात यावीत म्हणून. तिच्यावर ग्रान्याने सासऱ्यांच्या घरातले जुने तपकिरी मखमली पडदे लटकवले. ते चार बोटं आखूड पडले.

"कुणी गेलंय का आपल्याकडे, पडदे ओढायला?" डेक्लनने विचारलं.

"सकाळचं ऊन फादरांच्या डोळ्यांवर येतं."

"मार्चमध्ये? गॉलवेत?"

ती स्टुलावरून उतरली आणि तू सॉसेज विसरलास का, असं विचारून तिने विषय बदलला. डेक्लन सॉसेज विसरलाच होता, त्यामुळे पडद्यांचं राहून गेलं.

खिडकीतून काय दिसतं ते तिला तीन वर्षांपासून माहीत होतं. आधी शेताचा तुकडा, मग वाकडीतिकडी गेलेली आल्डरच्या झाडांची रांग आणि तिच्यामागे किलवाऱ्याच्या चर्चचा मनोरा. आल्डर पाण्याच्या काठाने वाढतो. इथे आता पाणी नव्हतं. पूर्वीचा ओढा साप गेल्यासारखा वाहायचा. सरकारी यंत्रं आली, त्यांनी वळणं बुजवली आणि पाण्याला सरळ चर खणून दिला. तो चर या घराच्या पुढून, रस्त्याकडेने जात होता. आज गावात कुणालाही विचारा, ओढा म्हणजे तो चर, आणि किलवारा आणि टोबर या दोन पॅरिशांची, म्हणजे चर्चच्या वस्त्यांची, हद्दही तोच. कुणालाही, म्हणजे मॅलाकी हेशन सोडून. आणि ग्रान्या सोडून, कारण ती माहेरची नेस्टर होती.

हर्लिंग या आयर्लंडच्या काठी-चेंडूच्या खेळात नियम साधा आहे. ज्या पॅरिशमध्ये राहता तिच्या क्लबकडून खेळायचं. चौसष्ट साली काउंटीच्या अंतिम सामन्यात टोबरने किलवाऱ्याला हरवलं. शेवटचा गोल ग्रान्याच्या वडिलांनी, मॅटी नेस्टरनी मारला. दुसऱ्या सकाळी बावीस वर्षांच्या मॅलाकीने हरकत घेतली. हद्द नवा चर नाही, जुन्या ओढ्याचं पात्र आहे, आणि मॅटीचं घर जुन्या ओढ्याच्या एका वळणात किलवाऱ्याच्या बाजूला पडतं, म्हणजे तो टोबरकडून खेळूच शकत नव्हता. काउंटीच्या समितीने मान्य केलं. चषक किलवाऱ्याला मिळाला. क्लबच्या शंभर वर्षांतला तो एकमेव चषक, मैदानावर हरलेला आणि टेबलावर जिंकलेला. मैदानाच्या फाटकावर ते साल ढोबळ आकड्यांत रंगवलं होतं आणि दर उन्हाळ्यात त्यावर नवा हात फिरायचा.

मॅटीने काय केलं हेही सगळ्यांना माहीत होतं. किलवाऱ्याचा काळा-पिवळा शर्ट अंगावर चढवायची वेळ येऊ नये म्हणून त्याने स्वतःचं घर उतरवलं आणि दगड न् दगड गाडीवर घालून आल्डरच्या पलीकडे, टोबरच्या बाजूला परत बांधलं. ग्रान्या त्या घरात जन्मली. पुढे तिने मॅलाकीच्याच मुलाशी लग्न केलं तेव्हा दोन्ही गावांनी श्वास रोखून धरला होता. मॅटी आणि मॅलाकी त्या लग्नात रात्रभर शेजारी बसले होते आणि फक्त गवताबद्दल बोलले होते.

आता क्लबचा शतकाचा इतिहास लिहायचं काम तिच्यावरच आलं होतं. वीस वर्षं काउंटीच्या साप्ताहिकात सामन्यांच्या बातम्या लिहिल्यामुळे तिला नाही म्हणता आलं नाही. चौसष्टचं प्रकरण तिने कोरडं आणि बिनचूक लिहिलं होतं. नेस्टरांचं वळण, समितीचा निर्णय, सगळं. फक्त दुसऱ्या वळणाबद्दल तिने लिहिलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. त्या दुसऱ्या वळणात हेशनांचं कोपऱ्यातलं शेत पडत होतं, जुन्या ओढ्याच्या टोबरच्या बाजूला. आणि त्या शेतात, मॅलाकीने कौतुकाने दिलेल्या जागेवर, हे घर उभं होतं.

डिसेंबरपर्यंत सगळे सासऱ्यांकडेच राहत होते. काही बिघडत नव्हतं. आता रविवारी चौदा वर्षांखालच्या मुलींचा पहिला सामना होता. ग्रान्याची मुलगी नेसा किलवाऱ्याकडून सहा नंबरला खेळणार होती. सहा नंबर आधी मॅलाकीचा होता, मग डेक्लनचा. सामना टोबरशी होता.

घराघरात पाळीने होणारी मिस्सा यंदा हेशनांकडे आली होती आणि ती नव्या घरात होईल असं मॅलाकींनी परस्पर जाहीर करून टाकलं होतं. ग्रान्याने घर रंगवलं, चांगल्या कपबश्या काढल्या आणि पडदे लावले.

मिस्सा नीट पार पडली. शेजारी पुढच्या खोलीत केकवर तुटून पडले. फादर चिडींना स्वयंपाकघरात घरच्या मंडळींबरोबर बसवलं आणि त्यांच्यापुढे अर्धं ग्रेपफ्रूट ठेवलं, मधोमध लाल चेरी लावून. फादर नायजेरियाचे. दोन्ही पॅरिशना मिळून आता एकच पाद्री उरला होता, तो म्हणजे ते. इथल्या प्रत्येक घरी त्यांच्यापुढे हेच फळ यायचं. ते ते आज्ञाधारकपणे खायचे.

मॅलाकी टेबलाच्या टोकाशी, घरधन्याच्या जागी बसले होते. नातीसाठी आणलेली नवी हर्ली, म्हणजे खेळायची काठी, त्यांनी फ्रिजला टेकवून ठेवली होती. अ‍ॅश लाकडाची, वजनाला हलकी, मुठीवर काळी-पिवळी पट्टी घट्ट गुंडाळलेली.

"फादर, चौसष्टची गोष्ट सांगितलीय का मी तुम्हाला?"

"दोनदा," फादर म्हणाले. "एकदा लग्नात, एकदा दफनाच्या वेळी."

"मग पुरी नसेल सांगितली."

"बाबा, ती पुस्तकात येतेय," ऊना म्हणाली. ऊना डेक्लनची मोठी बहीण, क्लबची चिटणीस. ती घरातही सभा चालवल्यासारखी बोलायची. "लोकांनी पुस्तक घ्यावं असं वाटत असेल तर गोष्ट फुकट वाटू नका."

"बाबा, चहा ओतू?" ग्रान्या म्हणाली.

"ओत. गोष्टीला चहा लागतोच."

तेवढ्यात डेलियाआत्यांनी काटा खाली ठेवला. त्या मॅलाकींच्या थोरल्या बहीण, नव्वदीच्या जवळ, आणि भावाच्या बाजूने त्या आयुष्यात कधी बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. "या अंधारात मला सॉसेज कुठला आणि बोट कुठलं ते कळत नाही," त्या म्हणाल्या. "हे काय टांगलंयस, पोरी?"

"उजेड फार येतो, आत्या."

"या वयात मला फार आलेला चालतो." आणि हात मागे करून त्यांनी पडदा ओढला.

ऊन नव्हतंच. नुसता धुवट, सरळ उजेड आत आला. त्याच्याबरोबर शेत आलं, कपडे वाळत घातलेली दोरी आली, आल्डर आले आणि मनोरा आला.

"हे बरं झालं," मॅलाकी म्हणाले आणि कप घेऊन उठले. "आता फादरांना दाखवताच येईल."

ग्रान्याने डेक्लनकडे पाहिलं. डेक्लन टोस्टला लोणी लावत होता.

खिडकीशी उभं राहून मॅलाकींनी गोष्ट सुरू केली. शब्द ठरलेले होते. त्यांच्या जुन्या घराच्या अंगणात, आल्डरकडे तोंड करून, त्यांनी ते साठ वर्षं म्हटले होते. शेवटचा गोल. घरी परतताना कुणी एक शब्द बोललं नाही. रात्री डोळा लागला नाही. मग पहाटे गाई आणायला गेलो, आणि समोर पाहिलं तर काय?

"आल्डर," नेसा तोंडात घास ठेवून म्हणाली. घरात ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती.

"आल्डर. पाणी हलवता येतं, फादर, झाडं हलत नाहीत. मी समितीला एवढंच म्हणालो. ती रांग बघा, म्हटलं. रांगेच्या अलीकडे आपण," त्यांनी कप दुसऱ्या हातात घेतला आणि बोट उचललं, "आणि पलीकडे..."

बोटाच्या टोकाशी किलवाऱ्याच्या चर्चचा मनोरा होता.

ते थांबले. बोट तसंच राहिलं. मग त्यांनी ते हळूच आडवं फिरवलं, रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एखादी जागा सुटली असावी आणि सापडावी असं.

"पलीकडे काय, मॅलाकी?" डेलियाआत्या म्हणाल्या.

त्यांनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं.

"नाही, मी आपली विचारते. पलीकडे चर्च आहे. चर्च आपलं. मग अलीकडे कोण बसलंय न्याहारीला?"

ऊना उठली, पुढच्या खोलीचं दार बंद केलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. "एक मिनिट," ती म्हणाली. "हद्द म्हणजे चर. चर घराच्या पुढे आहे. म्हणजे घर किलवाऱ्यात. झालं. फादर, चहा घ्या."

"मग चषक टोबरला कधी पोचवायचा?" डेलियाआत्यांनी विचारलं. "कुणी गाडीत घेत असेल तर मीही येते. फिरणं होईल."

"चषकाचा काय संबंध?"

"हद्द चर असेल तर मॅटी नेस्टर टोबरचाच होता. तो टोबरचा होता तर गोल खरा. गोल खरा तर चषक त्यांचा. शाळेत तू गणितात बरी होतीस, ऊना."

 फाटकावरचं साल ऊनाच्या डोळ्यांपुढे आलं असावं, कारण तिने लगेच दुसरी बाजू धरली. "मग हद्द जुना ओढा. तेच. निर्णय झालेला आहे."

"मग मी टोबरची?" नेसा म्हणाली.

खोलीतली माणसं तिच्याकडे वळली. तिच्या ओठांवर अंड्याचा बलक लागला होता. एवढ्या वेळात तिचा विचार कुणाच्याही मनात आला नव्हता, फक्त तिच्या आईच्या आला होता.

"बाबा, शेवटी हा खेळ आहे," डेक्लन म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून आणखी पाव भाजायला लागला.

"फादर," ऊना म्हणाली, "तुम्ही दोन्हीकडचे. तुम्हीच सांगा."

फादर चिडींनी चेरी उचलली, पाहिली आणि परत ठेवली. "मी इथे आलो तेव्हा बिशपांनी मला एकच उपदेश केला," ते म्हणाले. "देवाबद्दल काय वाटेल ते बोल, हर्लिंगबद्दल मत देऊ नकोस."

"मग झोपायचं आजोबांकडे," ऊना म्हणाली. आता ती सरळ सभेच्या आवाजात होती. "नियम राहण्याचा आहे. नेसा आजपासून जुन्या घरी झोपेल. मधली खोली रिकामीच आहे. घर टोबरमध्ये असू दे, मुलगी किलवाऱ्यात. दोन्ही राहतं, चषक आणि सहा नंबर. डेक्लन, कबूल? ग्रान्या?"

डेक्लनने मान हलवली. ग्रान्याला दिसलं की हे जमण्यासारखं आहे. भाऊबहीण एका बाजूला झाले होते, आत्या गप्प होत्या, सुटकेचा दरवाजा उघडा होता. आणि तिला स्वतःचं आश्चर्य वाटलं, कारण हायसं वाटण्याऐवजी तिला थोडं वाईटच वाटलं.

"मॅटीही हेच म्हणाला होता," मॅलाकी खिडकीशीच उभे राहून म्हणाले.

"काय?"

"समितीपुढे. मी आजीकडे झोपतो, म्हणाला. आजी टोबरला राहायची. समितीतल्या निम्म्या माना हलायला लागल्या होत्या." त्यांनी चहाचा घोट घेतला. तो गार झाला होता. "तेव्हा मी उठून म्हणालो, माणूस झोपतो कुठेही. त्याचा शर्ट जिथे वाळतो, तिथला तो. आणि नेस्टरांच्या दोरीवर त्याचा शर्ट मी सकाळीच पाहिला होता."

  खिडकीबाहेर, मोज्यांच्या आणि एका चादरीच्या मधोमध, काळी-पिवळी जर्सी वाऱ्यावर पोट फुगवून डुलत होती. पाठीवरचा सहा या बाजूला वळला, त्या बाजूला वळला, सगळ्यांना नीट दिसावा असा.

डेलियाआत्यांनी सॉसेज कापलं. "आता दिसतंय," त्या म्हणाल्या.

मॅलाकी वळले. सासरे रागावले तर काय होतं ते ग्रान्याने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीच पाहून घेतलं होतं. हा राग नव्हता. नव्या खेळाडूला सामन्याआधी न्याहाळावं तसं ते तिच्याकडे पाहत होते.

"तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"तुम्ही शेताच्या फाटकात उभं राहून म्हणालात, इथे बांधा. तेव्हापासून."

"आणि बोलली नाहीस."

"जागा चांगली होती, बाबा. आणि मला वाटलं, तुम्हाला दिसतंच असेल."

"साठ वर्षं तिथे गुरं चारली," मॅलाकी म्हणाले. "तू कुठल्या पॅरिशची, असं गाईला विचारायचं मला सुचलं नाही." मग थोड्या वेळाने, "पडदे त्यासाठी?"

"हो."

"ग्रान्या," ऊना घाईने म्हणाली, "पुस्तक अजून छापायला गेलेलं नाही ना? ती वळणं-बिळणं काढून टाक. निर्णय झाला, चषक मिळाला, एवढं पुरे. कुठे काय होतं ते आता कोण बघायला जातंय?"

 बातमीतून खरी गोष्ट काढून टाकायची ग्रान्याला सवय नव्हती. पण समोर एक म्हातारा माणूस उभा होता, त्याची एकच गोष्ट होती, आणि ती त्याच्याच तोंडून त्याच्यावर उलटली होती. "काढता येतील," ती म्हणाली. "एका परिच्छेदाचं काम आहे. तुम्ही म्हणाल तसं, बाबा."

मॅलाकींनी कप सिंकमध्ये ठेवला.

"मग मॅटीने घर उचललं ते कुठल्या रेघेवरून, हे लोकांना कसं सांगशील?" ते म्हणाले. "रेघच नव्हती तर तुझा बाप वेडा होता म्हणून दगड वाहत होता. तो माझ्यावर चिडला होता. वेडा नव्हता."

 ग्रान्याने टेबलावरचे पावाचे कण तळहाताने गोळा केले आणि तसेच मुठीत धरले.

"ती दगडांची गाडी आमच्या दारावरून जायची," मॅलाकी म्हणाले. "सबंध हिवाळा. तो एकदाही माझ्याकडे बघायचा नाही. मी मात्र रोज बाहेर येऊन उभा राहायचो. उंबऱ्याचा दगड नेला त्या दिवशी गाडीचं चाक रुतलं. मी ढकललं. तो आभार मानून पुढे गेला. त्याहून वाईट शिवी मला कुणी दिलेली नाही."

"हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत," नेसा म्हणाली.

"गोष्टीत बसत नव्हतं."

त्यांनी फ्रिजला टेकवलेली हर्ली उचलली, खुर्ची ओढली आणि बसले. अंगठ्याच्या नखाने मुठीवरच्या पट्टीचं टोक उचकटलं आणि ती सोलायला लागले. काळी-पिवळी पट्टी चरचर आवाज करत सुटत गेली आणि टेबलावर गोळा होत गेली. फादर चिडींनी ग्रेपफ्रूटची बशी बाजूला सारून जागा करून दिली.

"बाबा, विचार करा," ऊना म्हणाली. "रविवारी आपल्या सहा नंबरला कोण आहे मग?"

"क्विर्कची मुलगी."

"ती चेंडू बघून डोळे मिटते."

"मग कुणीतरी तिला ते उघडायला शिकवा. तू चिटणीस आहेस."

"मला कुणी विचारणार आहे का?" नेसाने विचारलं.

मॅलाकी थांबले. "विचारतो. बोल."

नेसाने विचार केला. तिचे डोळे जरासे ओले होते, पण ती रडणार नव्हती. ती हेशन होती आणि नेस्टरही होती. "तिकडे सहा नंबरला शिव्होन आहे," ती म्हणाली. "माझ्या वर्गातली. ती चांगली खेळते."

"तुझ्यापेक्षा?"

"उजव्या बाजूने नाही."

"मग उजव्या बाजूने खेळ आणि तिला बसव."

"आणि रविवारी? समोर तुम्ही असाल. सगळे आपले असतील."

"आपले इथे बसलेत," मॅलाकी म्हणाले. "रविवारी समोर किलवारा असेल. दया दाखवलीस तर मला कळेल. मी पडत्या पावसातही शेवटपर्यंत बघतो." लाकूड उघडं पडलं होतं, फिकट आणि गुळगुळीत. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. "ग्रान्या, टोबरची हिरवी पट्टी दे."

"माझ्याकडे कुठली हिरवी पट्टी?"

"खालच्या खणात. चहाच्या रुमालांखाली. नाताळात ओपनर शोधताना दिसली."

डेक्लन पावाच्या सुरीसकट वळला. ग्रान्याचे कान तापले. तिने खण उघडला, रुमाल उचलले आणि गुंडाळी काढून दिली. वरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं.

मॅलाकींनी ती हातात फिरवून पाहिली. "नवी आहे," ते म्हणाले.

 त्यांनी पुढे विचारलं नाही. दातांनी प्लास्टिक फाडलं आणि खालून वर, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर चढवत, गुंडाळायला सुरुवात केली.

"आणि ते प्रकरण?" ग्रान्याने विचारलं.

"जसंच्या तसं. त्याच्या खाली हे घर घाल. कुठलं वळण, कुठली बाजू, सगळं. आणि चाक रुतल्याचं."

"बाबा, लोक हसतील," ऊना म्हणाली. पण आता ती खुर्चीवर बसली होती आणि काळ्या-पिवळ्या पट्टीचा गोळा तिने आपल्या पर्समध्ये टाकला होता, क्विर्कच्या मुलीला उपयोगी पडेल म्हणून.

"हसू देत. मॅटीने घर हलवलं, ऊना. मला एक पट्टी बदलायचीय."

त्यांनी शेवटचा वेढा घट्ट ओढला, टोक अंगठ्याने दाबलं आणि हर्ली नेसाकडे धरली. तिने ती दोन्ही हातांत घेतली, मनगटं फिरवून पाहिली आणि फादरांच्या कानाजवळून एक मोकळा फटका हाणला. फादरांनी चेरी एकदाची तोंडात टाकली.

"पकड चांगली आहे," नेसा म्हणाली.

"रंग वाईट आहे," मॅलाकी म्हणाले. ते उठून खिडकीशी गेले, आल्डरकडे पाहिलं आणि मखमलीचा कोपरा चिमटीत धरून खालची चार बोटांची फट निरखली.

"आणि हे काढ, ग्रान्या. माझ्याकडेही ते आखूडच होते."